एम.ए. इंग्रजीचा रिसर्च प्रोजेक्ट: विषय ठरवण्यापासून व्हायवापर्यंत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाल्यापासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत दोन वर्षांचं एम.ए. एकूण ८८ क्रेडिटचं झालं आहे. त्यातली दहा क्रेडिट रिसर्च प्रोजेक्टची: तिसऱ्या सत्रात चार आणि चौथ्यात सहा. चार क्रेडिटच्या एका पेपरशी तुलना केली तर हे वजन अडीच पट भरतं. प्रोजेक्टच्या एका क्रेडिटला ३० तासांचं काम धरलं तर ३०० तास होतात. तरीही विद्यार्थी वर्षभर पेपरांचा अभ्यास करतात आणि प्रोजेक्टला शेवटच्या महिन्यात हात घालतात. मग जे लिहून होतं ते गाईडलाही वाचवत नाही.

पानांची मर्यादा, प्रतींची संख्या, मुखपृष्ठाचा नमुना, साम्य-तपासणीची (मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी किती जुळतो ते पाहण्याची) अट या गोष्टी प्रत्येक विद्यापीठात आणि कधीकधी प्रत्येक विभागात वेगळ्या असतात. त्यामुळे विभागाचं परिपत्रक आधी मिळवा आणि वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवा. पुढे जे सांगितलं आहे ते परिपत्रक कोणतंही असलं तरी लागू पडतं.

विषय: मोठा नको, अडणारा हवा

'अमुक लेखिकेच्या कादंबऱ्यांतील स्त्रीवाद', 'तमुक कवीच्या कवितेतील परात्मता' अशा शीर्षकांचे सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचे लेखी प्रस्ताव, दरवर्षी ढिगाने येतात. त्यांची अडचण अशी की उत्तर पुस्तक उघडण्याआधीच ठरलेलं असतं. कादंबरीत स्त्रीवाद आहे, हे शीर्षकातच मान्य करून झालं. मग उरतं फक्त पुरावे म्हणून उतारे गोळा करणं. तीन-चार कादंबऱ्या घेतल्या तर प्रत्येकीचं कथानक सांगण्यातच अर्धा प्रोजेक्ट संपतो.

विषय बारीक करायची रीत सोपी आहे. एक संहिता घ्या, फार तर दोन. तिच्यातला एकच घटक धरा: निवेदक, पत्रं, संवाद, स्थळ, वृत्त, एखादी पुन्हा पुन्हा येणारी प्रतिमा. मग त्या घटकाबद्दल वाचताना तुम्हाला जिथे खरोखर अडलं, तिथे प्रश्न विचारा. प्रश्न बरोबर जमला की नाही हे तपासायची एक कसोटी आहे: त्याचं उत्तर 'नाही' किंवा 'अर्धवट' असंही येऊ शकतं का? येत नसेल तर तो प्रश्न नसून घोषणा आहे.

मराठी विद्यार्थ्याला हमखास सुचणारी जोडी म्हणजे 'किंग लिअर' आणि शिरवाडकरांचं 'नटसम्राट' (१९७०). 'दोन्ही नाटकांतील वार्धक्य' या शीर्षकाखाली काहीच नवं सांगता येत नाही. पण लिअरची राणी नाटकात कुठेच नाही आणि बेलवलकरांच्या सोबतीला कावेरी आहे. म्हाताऱ्याच्या शेजारी त्याचं ऐकणारं, त्याला अडवणारं माणूस असलं की त्याच्या स्वगतांचं काय होतं? लिअर ज्या जागी वादळाशी किंवा विदूषकाशी बोलतो, त्या जागी बेलवलकर कोणाशी बोलतात? या प्रश्नासाठी दोन्ही नाटकांतले सहा-सात प्रसंग ओळीओळीने वाचावे लागतात आणि उत्तर आधी माहीत नसतं. चाळीस-पन्नास पानांचा प्रोजेक्ट एवढ्यावर नीट उभा राहतो.

सिनॉप्सिसमध्ये हा प्रश्न एका वाक्यात लिहा. दोन वाक्यं लागत असतील तर विषय अजून मोठा आहे.

आवृत्ती: सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी

इंटरनेटवर 'फ्रँकेन्स्टाईन' शोधलं, पहिली मिळालेली फाईल उतरवली आणि कामाला लागलं, असं बहुतेक जण करतात. पण मेरी शेलीची ही कादंबरी एक नाही. पहिली आवृत्ती जानेवारी १८१८मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय, तीन खंडांत निघाली. १८३१ची आवृत्ती एका खंडात आली. तिला लेखिकेची नवी प्रस्तावना आहे आणि मजकुरातही बरेच बदल आहेत. तुमच्या हातात कोणती आहे हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. एलिझाबेथ ही नायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईनच्या आत्याची मुलगी असेल तर संहिता १८१८ची. इटलीतल्या एका गरीब शेतकरी कुटुंबाकडून आणलेली अनाथ मुलगी असेल तर १८३१ची. दुसरी खूण प्रकरणांची: १८१८मध्ये प्रत्येक खंडात प्रकरणं पुन्हा एकपासून सुरू होतात, तर १८३१मध्ये १ ते २४ सलग आहेत.

हा फरक किती खोल जातो ते एका उताऱ्यात बघा. व्हिक्टर पंधरा वर्षांचा असताना घराजवळच्या ओकवर वीज पडते आणि झाडाचा जळका बुंधा तेवढा उरतो. १८१८मध्ये मुलगा चकित होऊन वडिलांना विचारतो की वीज म्हणजे काय. वडील एका शब्दात उत्तर देतात, छोटं विद्युतयंत्र बनवून प्रयोग दाखवतात, तार लावलेला पतंगही करतात. १८३१मध्ये वडील या जागी नाहीतच. निसर्गविज्ञानाचा एक जाणकार गृहस्थ त्या वेळी घरी असतो आणि तो आपण होऊन विद्युत आणि गॅल्व्हानिझमबद्दलची आपली उपपत्ती सांगतो. ती ऐकून मुलाचं जुन्या किमयागारांच्या पुस्तकांवरून मन उडतं, आणि हे कसं घडलं तर दैवयोगाने, असं व्हिक्टर सांगतो. त्याच प्रकरणाच्या शेवटी नियतीने आपला विनाश आधीच ठरवून ठेवला होता, असं वाक्य येतं. ते १८१८मध्ये नाही.

आता क्रियापदं आणि त्यांचे कर्ते पाहा. पहिल्या आवृत्तीत मुलगा विचारतो, बाप करून दाखवतो. दुसरीत परका माणूस बोलतो आणि मुलाच्या बाबतीत गोष्टी घडत जातात. कुतूहलाचा कर्ता असलेला मुलगा नशिबाचं कर्म होतो. 'व्हिक्टरची जबाबदारी' या विषयावर लिहिणाऱ्याने १८३१ची फाईल वापरून १८१८बद्दल विधानं केली, तर सगळा युक्तिवाद चुकीच्या पुराव्यावर उभा राहतो. व्हायवात परीक्षकाने एवढं एक विचारलं तरी तो कोसळतो.

शेक्सपिअरचंही तेच. 'किंग लिअर'चा १६०८चा क्वार्टो (नाटकाची सुटी छापील आवृत्ती) आणि १६२३चा फोलिओ (नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह) यांत मोठा फरक आहे. क्वार्टोतल्या सुमारे ३०० ओळी फोलिओत नाहीत आणि फोलिओतल्या सुमारे १०० ओळी क्वार्टोत नाहीत. तिसऱ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशात वेडसर लिअर आपल्या मुलींवर काल्पनिक खटला चालवतो. तो भाग फोलिओत नाही. नाटकाच्या शेवटच्या ओळी क्वार्टोत लिअरचा जावई अल्बनी याच्या तोंडी आहेत, फोलिओत ग्लॉस्टरचा मुलगा एडगर याच्या. राज्य पुढे कोणाकडे जाणार याचा अर्थ त्यामुळे बदलतो. १९८६च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने दोन्ही संहिता वेगवेगळ्या छापल्या. त्याआधी वाचकांच्या हाती सहसा दोन्ही एकत्र करून बनवलेली संहिता असे. म्हणून विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' मुळाशी ताडून पाहणार असाल, तर विंदांच्या अनुवादात खटल्याचा प्रसंग आणि शेवटच्या ओळी कशा आहेत ते आधी बघा. मुळाची संहिता त्यानुसार निवडा, नाहीतर संपादकाने केलेला फरक तुम्ही अनुवादकाच्या खात्यावर मांडाल.

व्यवहारात काय करायचं? नॉर्टन क्रिटिकल, आर्डन, ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स, पेंग्विन क्लासिक्स, ब्रॉडव्ह्यू यांपैकी एक आवृत्ती घ्या आणि 'संहितेविषयी टीप' हे सुरुवातीचं पान वाचा. संपादकाने कोणती मूळ आवृत्ती छापली हे तिथे लिहिलेलं असतं. नॉर्टनचं 'फ्रँकेन्स्टाईन' १८१८च्या संहितेवर आहे, पेंग्विन क्लासिक्सची अनेकांकडे असलेली प्रत १८३१च्या. रस्त्यावरच्या स्वस्त आवृत्तीत असं पान बहुधा नसतं. ती लोकलमध्ये वाचायला ठेवा, पण पृष्ठक्रमांक तिचे देऊ नका. एकदा आवृत्ती ठरली की प्रोजेक्टच्या पहिल्या प्रकरणात ती कोणती आणि का, हे तीन-चार ओळींत नोंदवा.

वाचन आणि टिपणं

मूळ संहिता तीनदा वाचायची असते, आणि तिन्ही वाचनांची कामं वेगळी असतात. पहिल्या वाचनात न थांबता पुढे जा. जिथे अडलं, कंटाळा आला किंवा चकित झालात तिथे नुसती पेन्सिलची खूण करा. दुसऱ्या वाचनात पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर स्वतःची सूची करा: तुमचा घटक कुठे कुठे येतो, पानासह. तिसरं वाचन फक्त या सूचीतल्या जागांचं. त्यातून दहा-बारा उतारे निवडा. प्रोजेक्ट याच उताऱ्यांवर उभा राहणार आहे.

प्रत्येक उताऱ्यासाठी एक कार्ड किंवा वर्डमधलं एक पान करा. वर पृष्ठक्रमांक आणि प्रकरण, मग उतारा जसाच्या तसा, विरामचिन्हांसकट. त्याखाली कोण कोणाला कधी सांगतंय ते. 'फ्रँकेन्स्टाईन'मध्ये हे विसरलं की सगळंच घसरतं, कारण व्हिक्टरने घडवलेल्या जीवाची हकीकत व्हिक्टर सांगतो आणि व्हिक्टरची हकीकत त्याला जहाजावर घेणारा वॉल्टन आपल्या बहिणीला पत्रात कळवतो. त्या जीवाचं एखादं वाक्य आपल्यापर्यंत दोन माणसांच्या स्मरणातून गाळून येतं. मग भाषेकडे वळा: वाक्याचा कर्ता कोण, क्रियापद कर्तरी की कर्मणी, काळ कुठे बदलतो, कोणता शब्द पुन्हा आला, वाक्य कुठे लांबतं आणि कुठे तुटतं, आणि जे अपेक्षित होतं पण सांगितलं गेलं नाही ते काय. कवितेत वृत्त मोडतं त्या जागा सोडू नका. सगळ्यात शेवटी स्वतःचं निरीक्षण, दोन-तीन ओळींत.

इथे एक शिस्त पाळाच. दुसऱ्याचे शब्द उतरवताना अवतरणचिन्ह त्याच क्षणी टाका आणि पान लिहा. स्वतःची वाक्यं वेगळ्या रंगात. तीन महिन्यांनी वही उघडल्यावर कोणतं वाक्य आपलं आणि कोणतं टीकाकाराचं हे कोणालाच आठवत नाही. प्रोजेक्टमधली बरीचशी उचलेगिरी चोरीच्या हेतूने होत नाही, ती अशा गोंधळलेल्या टिपणांतून होते.

समीक्षा कुठे शोधायची

महाविद्यालय एन-लिस्टचं (महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणारी योजना) सदस्य असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या. अनेक ठिकाणी ते उपलब्ध असूनही विद्यार्थ्यांना ठाऊक नसतं. सरकारी संस्थांसाठी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन-नियतकालिकांच्या सामायिक वर्गणीची योजना जानेवारी २०२५पासून सुरू झाली आहे. तुमची संस्था त्यात येते का, हेही ग्रंथालयातच कळेल. जेस्टोर या लेखांच्या ऑनलाइन भांडारावर वैयक्तिक खातं मोफत काढून लेखांची ठरावीक संख्या ऑनलाइन वाचता येते. जुन्या, कॉपीराइट संपलेल्या ग्रंथांसाठी इंटरनेट अर्काइव्ह आहेच.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा हे भांडार सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्यांकडून चुकीचं वापरलं जातं. तिथला पीएच.डी. प्रबंध उघडून त्याची प्रकरणं उतरवायची नसतात. त्याची संदर्भसूची आधी वाचायची. तुमच्या संहितेवर गेल्या चाळीस वर्षांत कोणते लेख पुन्हा पुन्हा उद्धृत झाले ते तिथे अर्ध्या तासात कळतं. मग ते मूळ लेख शोधा. पंधरा ते वीस लेख-ग्रंथ पुरतात, पण ते खरंच वाचलेले असावेत.

जुजबी सारांश देणारी विद्यार्थी-संकेतस्थळं आणि गाईडं कथानक आठवायला ठीक, पण त्यांना संदर्भसूचीत जागा नाही. पैसे घेऊन चार दिवसांत कोणताही लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. ओळखायची खूण: एकाच अंकात इंग्रजी साहित्य, शेतीशास्त्र आणि वाणिज्य शेजारी-शेजारी, आणि संपादक मंडळातल्यांचं काम कुठेच सापडत नाही.

पूर्वसंशोधनाचा आढावा लिहिताना 'अमुक यांनी म्हटलं, तमुक यांनी म्हटलं' अशी हजेरी घेऊ नका. टीकाकार कशावरून भांडतात ते शोधा आणि त्या भांडणाभोवती मांडणी करा. 'फ्रँकेन्स्टाईन'बाबत अ‍ॅन मेलर यांनी १८१८ची संहिता शिकवावी अशी बाजू मांडली. दोन आवृत्त्यांतला फरक किती मूलभूत हा वाद त्यातून वाचता येतो. गायत्री स्पिव्हाक यांचा १९८५चा साम्राज्यवादावरचा निबंध 'जेन आयर'साठी वाचला जातो, पण त्यात 'फ्रँकेन्स्टाईन'वरही भाग आहे. अभ्यासक्रमातल्या नोट्समध्ये तो सहसा गळतो. मूळ निबंध उघडणाऱ्याला तो आयता मिळतो.

सिद्धान्त किती?

एक संकल्पना, नीट. आख्यानशास्त्रातला (गोष्ट कशी सांगितली जाते याच्या अभ्यासातला) 'कोण पाहतो' आणि 'कोण बोलतो' हा जेरार जेनेतचा फरक घेतला, तर तेवढ्यावर अख्खं प्रकरण होतं. याउलट स्त्रीवादाचा, उत्तरवसाहतवादाचा किंवा मनोविश्लेषणाचा इतिहास सांगणारं वीस पानांचं प्रकरण म्हणजे परीक्षकाला माहीत असलेली माहिती त्यालाच परत सांगणं. संकल्पना मांडल्यापासून दुसऱ्या पानाच्या आत ती एखाद्या उताऱ्यावर चालवून दाखवली पाहिजे. चालत नसेल तर ती तुमच्या प्रश्नासाठी नाही, कितीही फॅशनमध्ये असो. आणि संकल्पना मूळ लेखातून घ्या. मार्गदर्शिकेतल्या दोन परिच्छेदांतून घेतलेली संकल्पना पहिल्याच अवघड उताऱ्याशी गळून पडते.

भाषेवरचा प्रोजेक्ट घेतला असेल तर

साहित्याऐवजी भाषाविज्ञान निवडणाऱ्यांसाठी अँटकॉन्क हे संहितेतले शब्द शोधून मोजणारं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. संहिता यूटीएफ-८ साध्या मजकुरात साठवा. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून घेतली असेल तर फाईलच्या सुरुवातीची आणि शेवटची परवान्याची पानं काढून टाका, नाहीतर परवान्यातले शब्दही कादंबरीच्या मोजणीत येतात. ही चूक फार वेळा होते. प्रकरणांची शीर्षकं आणि पृष्ठक्रमांकही काढा.

दोन वेगळ्या लांबीच्या संहितांची तुलना करताना कच्चे आकडे देऊ नका. शब्द किती वेळा आला त्याला एकूण शब्दांनी भागून दहा हजारांनी गुणा. समजा ७५,००० शब्दांत एखादा शब्द ३० वेळा आला, तर प्रमाण दर दहा हजारांत ४. दुसऱ्या ३०,००० शब्दांच्या संहितेत तो १८ वेळा आला, तर प्रमाण ६. कच्चा आकडा लहान असूनही वापर जास्त आहे. सर्वसाधारण इंग्रजीशी तुलना हवी असेल तर दहा कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा भाषेच्या नमुन्यांचा संग्रह आहे. पण तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे, त्याच्याशी १८१८ची कादंबरी ताडून निघालेला फरक लेखिकेचा नसून बराचसा काळाचा असेल. आणि आकडा आला की काम संपत नाही. कॉन्कॉर्डन्सच्या (शब्द जिथे जिथे आला त्या ओळींच्या यादीच्या) प्रत्येक ओळीत शब्द कोणत्या अर्थाने आला ते डोळ्यांनी वाचावंच लागतं.

वर्गातल्या संभाषणाचं किंवा मुलाखतींचं ध्वनिमुद्रण करणार असाल तर लेखी संमती आधी घ्या. मुलं अल्पवयीन असतील तर पालकांचीही.

लिहायला बसल्यावर

मधली प्रकरणं आधी लिहा, प्रस्तावना शेवटी. काय सापडलं हे कळल्याशिवाय त्याची ओळख करून देता येत नाही. तीनशे तासांची विभागणी साधारण अशी करता येईल: मूळ संहिता ६०, समीक्षा ८०, टिपणं लावून आराखडा ३०, पहिला खर्डा ८०, पुनर्लेखन ४०, संदर्भ आणि मांडणी १०. पुनर्लेखनाचे चाळीस तास वाचवायचा मोह होतो, पण गुणांतला फरक तिथेच पडतो. तिसरं सत्र संपताना दहा-बारा उताऱ्यांची कार्डं आणि समीक्षेचा आढावा हातात असायला हवा.

परिच्छेदात आधी तुमचं म्हणणं, मग उतारा, मग विश्लेषण. विश्लेषण उताऱ्याच्या दुप्पट तरी हवं. उतारा देऊन थेट पुढच्या मुद्द्यावर उडी मारणं ही सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज दुरुस्त होणारी उणीव आहे. खर्ड्यात प्रत्येक अवतरणाखालच्या ओळी मोजा, दोष लगेच दिसतो. उतारा अधांतरी टाकू नका, तुमच्या वाक्यात तो व्याकरणाने बसला पाहिजे. मराठीत 'तो म्हणतो की' नंतर थेट उद्गार चालतो, त्याच सवयीने इंग्रजीत 'दॅट' लिहून पुढे 'मी'चं वाक्य अवतरणात घातलं की सर्वनामं आणि काळ दोन्ही विस्कटतात. कथानकाबद्दल लिहिताना वर्तमानकाळ, लेखिकेच्या आयुष्याबद्दल आणि प्रकाशनाबद्दल भूतकाळ. एकाच परिच्छेदात हे दोन्ही असले तरी नियम तोच. 'डिस्कस अबाउट', 'कोप अप विथ', 'वन ऑफ द' नंतर एकवचन या तीन चुका संगणकाच्या शोधपट्टीत टाकून एकदा झाडून काढा.

संदर्भ: एमएलएची नववी आवृत्ती

बहुतेक इंग्रजी विभाग संदर्भ देण्याची एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धत मागतात, आणि तिची २०२१ची नववी आवृत्ती चालू आहे. पानाच्या चारही बाजूंना एक इंच समास आणि सर्वत्र दुप्पट ओळअंतर ठेवा. मजकुरात कंसात लेखकाचं आडनाव आणि पान, मध्ये स्वल्पविराम नाही: (शेली ७५). नाटकासाठी अंक, प्रवेश, ओळ, मध्ये पूर्णविराम. गद्य चार ओळींहून जास्त किंवा पद्य तीन ओळींहून जास्त असेल तर ते वेगळ्या खंडात, डावीकडून अर्धा इंच आत, आणि अवतरणचिन्हांशिवाय. अशा खंडात पूर्णविराम कंसाच्या आधी येतो, ओळीतल्या अवतरणात कंसानंतर. हा बारकावा जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये चुकतो.

संदर्भसूचीत पहिली ओळ डाव्या समासाला आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत. ग्रंथाचं नाव तिरप्या अक्षरात, लेखाचं अवतरणचिन्हांत. संपादित संग्रहातला लेख वाचला असेल तर नोंद लेखाच्या लेखकाच्या नावाने करायची, संग्रहाच्या संपादकाच्या नाही. नॉर्टनच्या मागे छापलेले निबंध उद्धृत करताना हीच गफलत होते. मजकुरात नाव आहे आणि सूचीत नाही, किंवा उलट, असं एकही राहू नये: छापील प्रत घेऊन पेनने टिक करत जा.

यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणी रद्द होते. संदर्भ देऊन घेतलेले उतारे आणि संदर्भसूची मोजणीतून वगळायची असते. अहवालात ते वगळलं आहे का, ते पाहा. आकडा कमी करण्यासाठी समानार्थी शब्द बदलत बसू नका. त्यातून विचित्र इंग्रजी तयार होतं आणि परीक्षक ते पहिल्या पानावर ओळखतो. शब्द दुसऱ्याचे असतील तर अवतरणात टाका, नाहीतर लेख मिटून स्वतःच्या वाक्यात लिहा आणि संदर्भ द्या.

चॅटबॉटकडून संदर्भ घेऊ नका. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही, असे संदर्भ तो बेधडक देतो. सूचीतली प्रत्येक नोंद तुम्ही स्वतः उघडलेली असावी. मजकुरासाठी अशा साधनांचा वापर चालतो का आणि तो कसा नोंदवायचा, हे गाईडना सुरुवातीलाच विचारा.

बांधणी आणि व्हायवा

छपाईच्या दोन दिवस आधी पीडीएफ करून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. अनुक्रमणिकेतली पानं बदललेली असतात. प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्रावरचं शीर्षक मंजूर शीर्षकाशी शब्दशः जुळवा. बदल असेल तर विभागाची लेखी मान्यता लागते. बाईंडिंगच्या बाजूला मात्र एक इंचाऐवजी दीड इंच समास सोडा, नाहीतर ओळींची सुरुवात शिवणीत जाते. परिपत्रकात दुसरा आकडा असेल तर तोच धरा.

व्हायवाला मूळ संहितेची खुणा लावलेली प्रत घेऊन जा. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात: हीच संहिता का, कोणती आवृत्ती, तुमच्या आधी कोणी काय म्हटलं, तुम्हाला त्यापेक्षा वेगळं काय दिसलं, कोणता उतारा तुमच्या म्हणण्याला अडचणीचा ठरतो. शेवटच्या प्रश्नाची तयारी सर्वांत जास्त करा. तुमच्या निष्कर्षात न बसणारा एक उतारा स्वतः शोधून ठेवा, तो प्रोजेक्टमध्येही मान्य करा, आणि विचारलं की पुस्तक उघडून ते पान वाचून दाखवा. निष्कर्ष दोन मिनिटांत, न वाचता, सांगता आला पाहिजे. तो मराठीत मित्राला सांगून पाहा आणि मग इंग्रजीत. मराठीत जमत नसेल तर अडचण इंग्रजीची नाही, मुद्दा अजून पक्का झालेला नाही. निष्कर्षाच्या प्रकरणाच्या शेवटच्या दोन पानांवर परत जा आणि ती पुन्हा लिहा.